फेलीबायची चुकलेली गाडी

कॉन्स्टान्सियो हे नाव आमच्या गावात कुणालाच धड उच्चारता येत नसे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसायबांनी एकदा म्हटलं असेल तेवढंच. त्यानंतर तो सगळ्या गावाचा कोस्तू झाला. त्याच्या बायकोचं नाव फेलिसिदाद. तिची फेलीबाय झाली.

कोस्तूची स्वतःची मोटार होती. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा तिच्या पाठीवर कोळशाचा बंब चढवून त्याने ती चालवली होती, आणि त्या धुराचा वास पुढे कितीतरी वर्षं तिच्या गाद्यांना येत असे. गाव ते मालवण हा तिचा रस्ता. खाडी आडवी असल्यामुळे मोटार आधी वरच्या अंगाला जायची, फरशीवरून पाणी ओलांडायची, मसुऱ्याच्या बाजारात थोडी विसावायची आणि मग पलीकडच्या काठाने खाली येऊन मालवणचा रस्ता धरायची. आमच्या धक्क्यावरून बघितलं की समोरच्या काठावर, पिंपळाखाली, पुन्हा तीच मोटार दिसायची. नुसतं पाणी ओलांडायला होडीला जेवढा वेळ लागे त्याच्या कितीतरी पट वेळ तिला तो वळसा घालायला लागे.

ही मोटार सुटायची कधी, याला उत्तर नव्हतं. भरली की सुटायची, आणि सुटली तरी थांबायची. काशीबाई घराच्या पायरीवरून हाक मारी, "कोस्तू, जरा रव रे, म्हशीचा दूध काढून येतंय!" आणि कोस्तू खरंच राही. कुणाची पेज निवायची असे, कुणाचा सदरा वाळायचा असे. मोटारीतली माणसं तोवर उतरून विड्या ओढत. कुणाला घाई नव्हती असं नाही, पण आज आपण दुसऱ्यासाठी थांबलो तर उद्या तो आपल्यासाठी थांबेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. आणि सगळ्यांच्या मध्ये कोस्तू, टोपी मागे सरकवून, चाकावर कोपर टेकून, राजासारखा बसलेला.

पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांत एस.टी. आमच्याकडे आली. खाजगी मोटारींचे परवाने संपले. कोस्तूची मोटार घराशेजारच्या मांगरात, म्हणजे शेतीचं सामान ठेवायच्या खोपटात, जाऊन उभी राहिली, आणि कोंबड्यांनी मागच्या गादीवर अंडी घालायला सुरुवात केली. कोस्तू रोज सकाळी जाऊन मोटारीत बसे. चाक धरी. कोंबड्या त्याला सरावल्या.

फेलीबायने काही आठवडे हे बघितलं. ती उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला लागली की समोरच्या काठावरच्या माणसाने ऐकावं अशा आवाजाची बाई. एका सकाळी ती मांगराच्या दारात उभी राहिली.

"कोंबयांक डायवर लागना नाय," ती म्हणाली. "एस.टी.क लागता. आंघोळ कर नि मालवणाक जा."

"दुसऱ्याची गाडी चालवू मी?"

"मगे काय, दुसऱ्याची बायल चालवतंस? चाक ता चाक. जा."

कोस्तू गेला. चांगला हात असलेले ड्रायव्हर एस.टी.ला हवेच होते. महिन्या-दोन महिन्यांत तो खाकी कपड्यांत गावात परत आला, आणि बरोबर आमच्या गावची मुक्कामाची गाडी घेऊन आला. संध्याकाळी मालवणहून यायची, धक्क्याजवळच्या वडाखाली रात्रभर उभी राहायची आणि सकाळी साडेसहाला सुटायची. कंडक्टर म्हणून आला लवू. लवू पूर्वी कोस्तूच्याच मोटारीवर क्लीनर होता. चाळिशीचा, बारकासा, सगळ्यांशी गोड. आता त्याच्या गळ्यात चामडी पाकीट होतं आणि हातात तिकिटांची पेटी, पण कोस्तूला तो अजून 'पात्रांव' म्हणजे मालकच म्हणे.

गाडी बदलली, ड्रायव्हर तोच, माणसं तीच. त्यामुळे पहिले काही दिवस सगळं जुन्यासारखंच चाललं. काशीबाईने हाक मारली की गाडी थांबे. लवू घड्याळाकडे बघून घसा खाकरी, एवढाच फरक.

आणि मग धोंडूचं झालं.

धोंडू हा वरच्या वाडीतला तरुण. त्याच्या मामाने मुंबईत एका गिरणीत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. ठरल्या दिवशी हजर व्हायचं होतं, म्हणजे ठरलेली बोट मिळायला हवी होती. त्या काळी मुंबईला जायचं तर मालवण बंदरातून बोट. बोट समुद्रात लांब उभी राहायची आणि माणसांना पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिच्याकडे न्यायचे. धोंडू पत्र्याची ट्रंक घेऊन गाडीत येऊन बसला. गाडी सुटणार एवढ्यात काशीबाईची हाक आली. तिला कोकमांची गोण आणायची होती. गोण आली तर तोंड शिवलेलं नव्हतं. सुई आली तर सुतळी नव्हती. पुढे फरशीजवळ आणखी कुणीतरी हात केला, मसुऱ्याला आणखी कुणी. कोस्तू सगळ्यांसाठी थांबला. धोंडू लाजाळू. तो काही बोलला नाही.

मालवण बंदरात पोचले तेव्हा शेवटचा पडाव परत येत होता आणि बोटीचा धूर किल्ल्याच्या पलीकडे दिसत होता.

धोंडू ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो ट्रंक घेऊन संध्याकाळच्या गाडीत मुकाट येऊन बसला. सगळ्या वाटेने कोस्तूला तो आरशात दिसत होता. ट्रंक मांडीवर आणि त्यावर दोन्ही हात, देवळात बसल्यासारखे. पुढच्या बोटीने गेला असता तरी उपयोग नव्हता, मामाचा निरोप आला की जागा दुसऱ्याला गेली.

मालवणच्या स्टँडवरचे कंट्रोलर भले गृहस्थ होते. त्यांनी कोस्तूला चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "कॉन्स्टान्सियो, तुम्ही एका बाईसाठी थांबता तेव्हा बाकीच्या सगळ्यांना थांबवता. त्यांना तुम्ही विचारलेलं नसतं."

पण खरं बोलली ती फेलीबाय. जेवताना तिने त्याच्या ताटात आमटी वाढली आणि समोर बसली.

"मोटार तुझी होती तेवा वेळ पण तुझो होतो," ती म्हणाली. "लोकांक म्हायत होता, कोस्तूची मोटार म्हणजे देवाची मर्जी. आता गाडी सगळ्यांची, मगे वेळ पण सगळ्यांचो. तो तू एकट्या काशीबायक कसो देतंस? साडेसाक म्हणजे साडेसाक. उद्या मी जरी धावत येत आसलंय ना, तरी थांबू नको."

"बरा," कोस्तू म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी साडेसहाला सुटू लागली.

गावाला हे पटायला वेळ लागला. पहिल्या दिवशी काशीबाई हातात दुधाची कासंडी घेऊन रस्त्यात उभी राहिली आणि गाडीच्या धुळीकडे बघत राहिली. त्या एकाच आठवड्यात देवळातले भटजी मागे राहिले आणि चर्चचे पाद्रीसायबही राहिले. त्यामुळे कोस्तू धर्म बघून गाडी सोडतो असं तरी कुणाला म्हणता आलं नाही. बाकी लोक वाटेल ते म्हणाले. खाकी चढली आणि माणूस गेला, म्हणाले. वडाखालच्या चहाच्या टपरीवर एक नवाच प्रश्न निघाला.

"आमका सोडता ता ठीक. बायकोक सोडीत?"

"खंयचो सोडता! घराक जावचा नाय त्याका?"

यावर पैजा लागल्या. फेलीबायच्या कानावर हे आलं तेव्हा ती हसली. तिला गाडीने कुठे जायचंच नव्हतं.

पण त्या मार्चात जावं लागलं. फेलीबायचा धाकटा भाऊ डॉमिंगो मुंबईच्या बोटीने निघणार होता, आणि मुंबईहून पुढे मोंबासाला. तिथल्या रेल्वेत त्याला गार्डाची नोकरी लागली होती. पाच वर्षांचा करार. आई गेली तेव्हा डॉमिंगो रांगत होता. फेलीबायने त्याला कडेवर घेऊनच भांडी घासली, पाणी भरलं, आणि लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तोही तिच्या मागोमाग आला आणि वर्षभर राहिला. आता तो मालवणात काकाकडे होता. निघण्याआधी आठवडाभर फेलीबायला तिकडेच जाऊन राहायचं होतं, पण सासू तापाने आजारी पडली आणि तिला हलता येईना. शेवटी सासूचा ताप उतरला तो आदल्या दिवशी. सकाळच्या गाडीने जायचं, भावाला बोटीवर पोचवायचं, संध्याकाळी परत यायचं असं ठरलं.

पहाटे उठून तिने सगळं आवरलं. ठेवणीतली निळी साडी नेसली. कोस्तू पुढे गेला, त्याला गाडी पुसायची असे. सहा वाजून गेल्यावर तीही निघाली. अर्ध्या पाणंदीत आल्यावर तिच्या लक्षात आलं की तोरांच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या, लोणच्याची बरणी घरीच राहिली. डॉमिंगोला दुसरं काही नको होतं. काकाकडून त्याने दोनदा निरोप पाठवला होता, तुझ्या हातचं लोणचं तेवढं आण.

वेळ आहे असं तिला वाटलं. ती मागे वळली.

बरणी माळ्यावर होती. माळ्याची शिडी शेजाऱ्यांनी नेली होती. शिडी मागून आणेपर्यंत, बरणी खाली काढून तिचं तोंड फडक्याने बांधेपर्यंत वडाखालून भोंगा ऐकू आला. कोस्तू गाडी सुटण्याआधी एकदा भोंगा वाजवायचा. फेलीबाय बरणी छातीशी धरून पळत सुटली.

"थांब!" तिने पाणंदीच्या तोंडातून हाक मारली. "कोस्तू, थांब रे!"

टपरीवरची माणसं उभी राहिली. लवूचा हात घंटीच्या दोरीवर होता, तो तिथेच राहिला. गाडीतल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं. पाणंद लांब होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक निळा ठिपका बरणी घेऊन धावत होता.

"पात्रांव," लवू म्हणाला, "फेलीबाय येतत."

कोस्तूने आरशात बघितलं. मग लवूने बघितलं की पात्रांवची नजर आरशातच जरा खाली उतरली आणि मागून तिसऱ्या बाकावर जाऊन थांबली. तिथे धोंडू बसला होता. पत्र्याची ट्रंक मांडीवर, त्यावर दोन्ही हात. मामाने खटपट करून दुसऱ्या गिरणीत जागा मिळवली होती आणि तो त्याच बोटीने निघाला होता.

"घंटी मार, लवू," कोस्तू म्हणाला.

"पण पात्रांव..."

"मार रे."

लवूने डोळे मिटून दोनदा दोरी ओढली. गाडी सुटली.

फेलीबाय वडाखाली पोचली तेव्हा धूळ खाली बसत होती. टपरीवर ज्याने पैज जिंकली होती तोही खाली बघत होता. फेलीबायने गेलेल्या गाडीकडे बघितलं, मग हातातल्या बरणीकडे. लोकांना वाटलं, आता रडणार. पण ती खाडीकडे वळली.

"बाबली!" तिची हाक ऐकून धक्क्यावरचे बगळे उडाले. "होडी काढ!"

बाबली तारी धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. "ओहोटी आसा गो," तो म्हणाला. "पलीकडे होडी काठाक लागूची नाय. चिखल आसा गुडघोभर."

"माका गुडघे आसत. काढ."

बाबलीने होडी काढली. मधल्या पाण्यातून ती झपाट्याने गेली, पण पलीकडे काठ बराच लांब असताना बूड चिखलाला लागलं. फेलीबायने चपला काढून साडीच्या ओच्यात खोचल्या, साडी वर खोचली, बरणी डोक्यावर घेतली आणि उतरली. पहिल्याच पावलाला ती गुडघ्यापर्यंत रुतली. एकेक पाय ओढून काढत, वाटेतल्या खेकड्यांना आणि नवऱ्याला एकाच दमात शिव्या देत ती काठाला लागली. बाबली होडीत उभा राहून "उजवीकडसून गो, उजवीकडसून!" असं ओरडत होता. या गडबडीत तिची एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

पिंपळाखाली ती येऊन उभी राहिली तेव्हा रस्ता रिकामा होता. गाडी पुढे गेली का अजून यायची, तिला कळेना. दम खात ती उभी राहिली. मग मसुऱ्याच्या बाजूने घरघर ऐकू आली, आणि वळणावर गाडीचं नाक दिसलं.

पिंपळ हा थांबा होता. तिने रीतसर हात केला. गाडी रीतसर थांबली.

फेलीबाय वर चढली. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, एक पाय अनवाणी, डोक्यावर बरणी. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर काशीबाई बसली होती. ती आता रोज गाडीच्या आधी पाव तास येऊन बसे. तिने सरकून जागा दिली आणि आपल्या तांब्यातलं पाणी पुढे केलं.

"लवू," फेलीबाय म्हणाली, "मालवण एक."

लवूने घाईघाईने तिकीट दिलं आणि घंटी मारली. गाडी निघाली.

"लवू," फेलीबाय म्हणाली, "डायवराक सांग, खाडयेतलो चिखल बरो आसा. मऊ आसा."

लवूने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "पात्रांव, चिखल बरो आसा म्हणतत."

"तिका सांग, माका ऐकाक येता," कोस्तू समोर बघत म्हणाला.

"फेलीबाय, तेंका ऐकाक येता."

"असा? मगे सकाळी 'थांब' म्हटलंय, ता ऐकाक नाय इला?"

हे पोचवायचं की नाही ते लवूला समजेना. तो दोरी धरून उभा राहिला. सगळी गाडी पुढे वाकली होती.

"इला," कोस्तू म्हणाला. "ऐकाक इला नि आरशात दिसला पण. बरणी पण दिसली."

"मगे?" फेलीबाय लवूला विसरून गेली होती. "माझो भाव जाता रे! पाच वर्सा माका दिसूचो नाय. नि तू घोव माझो, माका धुळीत टाकून येतंस?"

कोस्तूने वळण घेतलं. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागे धोंडू बसलो आसा."

फेलीबायने मागे बघितलं. धोंडूने ट्रंकेवरचे हात आणखी घट्ट धरले. त्याचे कान लाल झाले होते.

"वयनी," तो म्हणाला, "मी सांगत होतंय तेंका थांबूक. म्हणजे... सांगणार होतंय."

"तू कधी सांगतलंस?" काशीबाई म्हणाली. "त्या दिसा पण सांगूक नाय. त्या दिसा तू एक शब्द बोललो असतंस, तर मी गोण टाकून इलंय असतंय." ती गोष्ट ती विसरली नव्हती हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

तांब्यातल्या पाण्याने फेलीबायने पाय धुतले. चिखलाचं पाणी फळ्यांमधून खाली रस्त्यावर गेलं.

"नि मीच तुका सांगलेलंय," शेवटी ती म्हणाली. "थांबू नको म्हणान."

"हां."

"माझ्या त्वांडाक काय झाला होता तेवा!"

आधी काशीबाई हसली, मग लवू, मग सगळी गाडी. कोस्तू मात्र हसला नाही. त्याच्या मानेवर घाम आला होता. "माका वाटला, तू घराक गेलंस," तो म्हणाला. "फरशीपासून सगळ्या वाटेन माका ताच वाटत होता." फेलीबायने हात पुढे करून त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली. तेवढंच. मग ती म्हणाली, "समोर बघ, बैलगाडी येता."

मालवणला गाडी वेळेवर पोचली. स्टँडपासून बंदरापर्यंत सगळे जवळजवळ पळतच गेले. फेलीबाय एका चपलेने, धोंडू ट्रंक डोक्यावर घेऊन, लवू त्याचं गाठोडं घेऊन. कोस्तूची पुढची फेरी सुटायला थोडा अवकाश होता म्हणून तोही.

बंदरावर मुंबईला जाणाऱ्यांची आणि त्यांना पोचवायला आलेल्यांची दाटी होती. पण पडाव सगळे काठालाच होते आणि समुद्र किल्ल्यापर्यंत, किल्ल्याच्या पलीकडेही, मोकळा.

"बोट खंय आसा?" फेलीबायने एका नाखव्याला विचारलं.

"बोट?" नाखवा पडावात आडवा पडला होता. "वेंगुर्ल्याकडसून निघूकच उशीर झालो म्हणतत. जेवणावेळेक इली तर आपला नशीब."

फेलीबायने कोस्तूकडे बघितलं. कोस्तूने धोंडूकडे. धोंडूने ट्रंक खाली ठेवली, तिच्यावर बसला, आणि जन्मात पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, "ह्या बोटीक कोण सांगीत, साडेसाक म्हणजे साडेसाक?"

डॉमिंगो गर्दीतून वाट काढत आला. नवी पँट, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि बहिणीच्या पायांकडे बघून उघडं पडलेलं तोंड. त्याला सगळी हकीकत सांगितली. सांगायला चार माणसं होती, त्यामुळे ती चारदा सांगून झाली. तोवर त्याने बरणीचं फडकं सोडून एक तोर तोंडात टाकली होती.

"भावजी," तो म्हणाला, "थंय माझ्या हातात शिट्टी आसतली. मी शिट्टी फुंकलंय की आगगाडी सुटतली. कोण धावत इलो तर काय करू?"

कोस्तूने विचार केला.

"गाडयेत कोण बसलो आसा ता बग," तो म्हणाला. "आणि मगे फुंक. पण फुंकल्यार जेवणाची चव जाता, ता आदीच सांगून ठेवतंय."

डॉमिंगोने मान हलवली. दोघांनी मिठी मारली. कोस्तूच्या फेरीची वेळ झाली होती. तो निघाला. स्टँडकडे जाताना दोनदा मागे वळला.

बहीणभावाला मात्र सगळी सकाळ मिळाली. वाळूत नारळाच्या सावलीत ती बसली. त्याच्या शर्टाचं सैल झालेलं बटण तिने शेजारी बसलेल्या बाईकडून सुई मागून घट्ट केलं. आईचं तोंड कसं होतं ते त्याने विचारलं, त्याला आठवत नव्हतं. तिने सांगितलं. इतकं निवांत बोलणं त्यांचं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. बोट वेळेवर आली असती तर पाच मिनिटांत रडून मोकळी झाली असती दोघं.

दुपारी बोट आली. लांबून भोंगा झाला, पडावांची धांदल उडाली. डॉमिंगो आणि धोंडू एकाच पडावात चढले. डॉमिंगोने बरणी पोटाशी धरली होती आणि तिच्यावर थेंब उडू नयेत म्हणून धोंडूने आपली ट्रंक आडवी धरली होती. फेलीबाय घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून हात हलवत होती. पडाव ठिपक्याएवढा झाला, बोटीच्या काळ्या अंगात मिसळला, तरी ती हलवतच राहिली. मग तिने साडीच्या पदराने तोंड पुसलं, बाजारात जाऊन स्वस्तातल्या चपला घेतल्या आणि स्टँडवर येऊन संध्याकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली.

संध्याकाळची गाडी भरलेली होती. कोस्तूने तिला चढताना बघितलं आणि विचारलं, "गेलो?"

"गेलो," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते.

तिच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. डोक्याला रुमाल, मांडीवर आंब्याच्या कलमांचं टोपलं. शिरोड्याचे होते, आमच्या गावात मेहुण्याकडे निघाले होते. बोलके होते. गाडी मालवणबाहेर पडताच त्यांनी सुरुवात केली.

"ह्या वाटेवरची गजाल ऐकलंस काय गो बाय? सगळो बाजार बोलता. ह्या एस.टी.चो एक डायवर आसा, त्याना म्हणे सख्ख्या बायलेक रस्त्यात टाकल्यान नि गाडी घेऊन गेलो."

"काय सांगतास!" फेलीबाय म्हणाली.

"मगे! पण ती पण काय कमी न्हय. तिनां खाडयेत उडी घातल्यान. पवत गेली. मदी सुसर इली."

"सुसर?"

"भली मोठी. तिच्या डोक्यार बरणी होती, ती सुसरीच्या टाळक्यात घातल्यान." गृहस्थांनी हाताने दाखवलं. टोपल्यातली कलमं हलली. मागच्या बाकावरचे लोक तोंडात रुमाल कोंबून बसले होते. लवू खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"मगे काय झाला?" फेलीबायने गंभीरपणे विचारलं.

"मगे बंदरार जाऊन तिनां घोवाक धरल्यान, सगळ्या लोकांदेखत, नि हाणल्यान! डायवराचो डोळो हो एवढो सुजलो म्हणतत."

फेलीबाय पुढे वाकली. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून तिने त्याला थोडं वळवलं, आणि त्याचा एक डोळा बघितला, मग दुसरा.

"तसो काय सुजलेलो दिसणा नाय," ती म्हणाली. "तुमी बगा तरी."

गृहस्थांनी ड्रायव्हरकडे बघितलं. मग शेजारच्या बाईकडे, तिच्या निळ्या साडीच्या काठाला वाळलेल्या चिखलाकडे. त्यांनी टोपलं उचललं आणि बाकाच्या पार कडेला सरकले.

त्याबरोबर गाडीत हशा फुटला. माणसं बाकांवर थापा मारत हसत होती. दिवसभर दाबून धरलेलं कोस्तूचं हसू आता सुटलं ते आवरेना. त्याला समोरचं दिसेना. थांबा नव्हता, कुणी हात केला नव्हता, तरी त्याने गाडी कडेला घेतली, एंजिन बंद केलं आणि चाकावर कपाळ टेकून हसत राहिला. फेलीबाय त्याच्या पाठीवर थोपटत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं कुठलं कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं.

लवूने घड्याळाकडे बघितलं नाही. बाहेर शेतांवर ऊन कलत होतं. बऱ्याच वेळाने कोस्तूने बाहीने डोळे पुसले, एंजिन सुरू केलं, आणि गाडी मसुऱ्याच्या दिशेने निघाली.